योजना एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते तेव्हा लाभार्थ्याचं काय होतं? मुदखेडच्या तहसीलपासून मंत्रालयापर्यंत

नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेड तालुक्यात बारड, मुगट अशी मोठी गावं आहेत. अशाच एखाद्या गावात राहणारी अंध महिला उदाहरणादाखल घ्या. तिच्याकडे अंधत्वाचं प्रमाणपत्र आहे. ते तपासून दिलं आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी, पण ज्या पोर्टलवरून ते निघालं ते केंद्र सरकारचं. तिला दरमहा अनुदान मिळतं, ते राज्याच्या सामाजिक न्याय विभागाचं. त्याचा अर्ज मात्र तिनं दिला तहसील कार्यालयात, म्हणजे महसूल खात्याकडे. रेशन अन्न व नागरी पुरवठा खात्याचं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, तो विषय ग्रामविकासाचा. एसटीतली सवलत परिवहन महामंडळाची.

आणि डिसेंबर २०२२ पासून राज्यात 'दिव्यांग कल्याण' नावाचा वेगळा विभागही आहे.

हा विभाग झाल्याची बातमी आली तेव्हा अनेकांच्या मनात एकच प्रश्न होता. महिन्याचं अनुदान आता नव्या विभागाकडून येणार का, पुन्हा अर्ज करावा लागणार का? उत्तर होतं, नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडेच राहिली आणि तहसीलची खिडकीही तीच राहिली. तरी त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यातल्या तहसील कार्यालयांसमोर निराधार आणि दिव्यांग लाभार्थ्यांच्या रांगा लागल्याच. त्याचं कारण विभाग बदलणं हे नव्हतं. पैसे पाठवण्याची पद्धत बदलली होती.

योजना, विभाग आणि पैसा यांची ही जागा बदलण्याची प्रक्रिया चालते तरी कशी?

एका आदेशानं काय हलतं आणि काय हलत नाही

कोणता विषय कोणत्या खात्यानं पाहायचा हे ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १६६ मधून येतो. राज्यपालांच्या नावानं 'कार्यनियमावली' निघते, तिच्यात प्रत्येक विभागाचे विषय लिहिलेले असतात. मंत्रिमंडळानं नवा विभाग करायचं ठरवलं की या यादीतले काही विषय एका विभागाच्या नावापुढून काढून दुसऱ्याच्या नावापुढे लिहिले जातात. मग शासन निर्णय, म्हणजे आपला नेहमीचा जीआर निघतो. इथपर्यंतचं काम काही दिवसांत उरकतं.

खरी वेळ लागते ती पुढे. नव्या विभागाला माणसं हवीत, त्यासाठी पदांचा आकृतिबंध वित्त विभागाकडून मंजूर व्हावा लागतो. पैसा हवा, तर अर्थसंकल्पात नवं लेखाशीर्ष उघडावं लागतं. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी पैशाचा पत्ता. योजनेचा पैसा कोणत्या मागणीत, कोणत्या शीर्षाखाली पडला आहे ते त्यावरून कळतं. शिवाय जिल्ह्यात त्या पैशाचं बिल कोषागारात कोणाच्या सहीनं जाणार, तो आहरण व संवितरण अधिकारी कोण, हेही नव्यानं ठरतं. मार्चअखेर हा बदल अर्धवट राहिला की जुनं कार्यालय म्हणतं 'आता आमच्याकडे नाही' आणि नवं म्हणतं 'अजून आमच्याकडे आलं नाही'. दोघंही खरं बोलत असतात.

सगळ्यात शेवटी हलतं ते लाभार्थ्याचं रेकॉर्ड. नाव, जन्मतारीख, बँक खातं, प्रमाणपत्राचा क्रमांक, मंजुरीची तारीख. मंत्रालयातल्या फाइली ट्रंकेत भरून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेता येतात. तालुक्याच्या रजिस्टरमधल्या हजारो नोंदी अशा नेता येत नाहीत, त्या कुणीतरी बसून भराव्या लागतात. चुका तिथेच होतात.

एका खात्याची पाच-सहा खाती कशी झाली

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. मुंबई प्रांतात स्टार्ट समितीच्या शिफारशीवरून १९३२ मध्ये मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हा भाग मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये, त्यामुळे समाजकल्याणाची ही यंत्रणा इथे उशिरा पोचली.

पुढे समाजकल्याण खात्यातून एकेक शाखा वेगळी होत गेली. १९८३ मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला. १९९३ मध्ये महिला व बालविकास. २००८ मध्ये अल्पसंख्याक विकास विभाग आला. मार्च २०१७ मध्ये विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी वेगळा विभाग निघाला, तो आज 'इतर मागास बहुजन कल्याण' या नावानं ओळखला जातो. आणि २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण.

प्रत्येक वेळी कारण जवळपास सारखंच सांगितलं गेलं: मोठ्या खात्यात या लोकांचा आवाज दबतो, त्यांना स्वतंत्र मंत्री, सचिव, बजेट हवं. कारण खोटं नाही. अर्थसंकल्पात आपल्या नावाची ओळ असणं ही मोठी गोष्ट असते. पण २०१७ चा अनुभव बोलका आहे. मंत्रालयात विभाग वेगळा झाला तरी त्यानंतर कित्येक वर्षं जिल्ह्यात त्याचं काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयातूनच चालत राहिलं. भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळांचा विषय नव्या विभागाकडे, पण तो पाहणारे अधिकारी-कर्मचारी जुन्याच विभागाचे. जिल्ह्याजिल्ह्यांत बहुजन कल्याणचे स्वतंत्र सहायक संचालक आणि त्यांची कार्यालयं नंतर आली.

याचा फटका सगळ्यात आधी विद्यार्थ्यांना बसतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरताना आधी विभाग निवडावा लागतो. अनुसूचित जातीच्या मुलानं सामाजिक न्याय निवडायचं, ओबीसी किंवा भटक्या जमातीच्या मुलीनं बहुजन कल्याण, आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यानं आदिवासी विकास. कॉलेज एक, बाक एक, पण तिघांच्या अर्जांच्या वाटा वेगळ्या. मुदखेडच्या बाबतीत तर हे रेल्वेच्या नकाशावरही दिसतं. मुदखेड जंक्शनवरून एक मार्ग नांदेडला जातो आणि दुसरा भोकर, हिमायतनगरवरून किनवट-आदिलाबादकडे. समाजकल्याण आणि बहुजन कल्याणचं काम असेल तर नांदेडची गाडी. आदिवासी विकासाचं असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय किनवटला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला.

दिव्यांग कल्याण विभागाकडे काय गेलं, काय राहिलं

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. २०२२ मध्ये त्याच मुहूर्तावर तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या सरकारनं स्वतंत्र विभागाची घोषणा केली आणि त्यासाठी १,१४३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. 'देशातला पहिला' असा त्याचा गाजावाजा झाला. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, कारण उत्तर प्रदेशात दिव्यांगांसाठी वेगळा विभाग त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे आणि केंद्रातही २०१२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयातून असा विभाग वेगळा काढला गेला. महाराष्ट्रासाठी मात्र पाऊल महत्त्वाचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यामुळे नोकरीतलं आरक्षण, विशेष शाळा, प्रमाणपत्रं अशा सगळ्यांचा व्याप वाढला होता.

नव्या विभागाकडे काय आलं? पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय, विशेष शाळा आणि कार्यशाळा, त्यांचं अनुदान, दिव्यांग वित्त व विकास महामंडळ, कायद्याच्या अंमलबजावणीचं काम. जिल्ह्यात हे सगळं आधी जिल्हा परिषदेचे समाजकल्याण अधिकारी पाहायचे. पुढे त्यासाठी जिल्हा दिव्यांग सक्षमीकरण अधिकारी असं वेगळं पद आलं.

जे आलं नाही ते म्हणजे महिन्याचा पैसा.

संजय गांधी निराधार योजना १९८० ची. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. तिच्यात दिव्यांग आहेत, तसेच विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराचे रुग्ण असे बरेच गट आहेत. दिव्यांगांपुरता हिस्सा कापून नव्या विभागाला द्यायचा तर एकाच योजनेच्या दोन याद्या, दोन लेखाशीर्षं, दोन बिलं झाली असती. त्यामुळे योजना जागेवर ठेवली गेली. निर्णय म्हणून तो शहाणपणाचा वाटतो, पण त्यामुळे गोंधळाचं एक कायमचं कारण तयार झालं. दिव्यांगांच्या मागण्यांसाठी आंदोलन होतं ते दिव्यांग कल्याण मंत्र्यांसमोर, आणि अनुदानाची रक्कम असते दुसऱ्याच विभागाच्या मागणीत.

रक्कम जुलै २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. उत्पन्नाची अटही वेगळी आहे: इतरांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. याचा अर्थ लाभार्थी यादीत 'विधवा' म्हणून आहे की 'दिव्यांग' म्हणून, यावर आता महिन्याला हजार रुपयांचा फरक पडतो. अनेक महिला दोन्ही असतात. वीस वर्षांपूर्वी विधवा म्हणून मंजुरी मिळालेली, नंतर दृष्टी गेलेली महिला जुन्या गटातच नोंदलेली असू शकते. तिला वाढीव रक्कम हवी तर वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला सगळे 'यूडीआयडी' म्हणतात ते कार्ड, तहसीलमध्ये देऊन गट बदलून घ्यावा लागतो. आपोआप तो बदलत नाही.

ज्या बदलाला कुणी 'हस्तांतर' म्हटलं नाही

डिसेंबर २०२४ पर्यंत अनुदानाचा प्रवास असा होता: मंत्रालयातून निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे. तहसीलच्या संजय गांधी शाखेत यादी आणि बिल तयार व्हायचं, ते कोषागारात जायचं, मग पैसे बँकेकडे आणि बँक यादीप्रमाणे खात्यात टाकायची. उशीर व्हायचा. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम मिळणं ही नित्याची गोष्ट होती. पण कुणाचं नाव सुटलं तर खिडकीवरच्या कारकुनाला यादी काढून बघता यायचं, पुढच्या बिलात दुरुस्ती करता यायची.

डिसेंबर २०२४ च्या अनुदानापासून पैसे डीबीटी पोर्टलवरून थेट आधार जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. मधले टप्पे गळले. विभाग तोच, योजना तीच, तहसील तेच. पण कामाचा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, पैसे वाटण्याचा, तालुक्यातून उचलून राज्य पातळीवर नेला गेला. सरकारी भाषेत याला 'प्रणालीतला बदल' म्हणतात. लाभार्थ्याच्या दृष्टीनं ते एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे झालेलं हस्तांतरच होतं. आणि ते होण्यासाठी तालुक्यातल्या प्रत्येक लाभार्थ्याची माहिती पोर्टलवर चढावी लागली, आधारशी जुळावी लागली.

जिथे जुळलं तिथे फायदा झाला. जिथे जुळलं नाही, तिथे पैसे थांबले. रजिस्टरमध्ये 'गंगाबाई' आणि आधारवर 'गंगुबाई'. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून आधार अद्ययावत झालेलं नाही. मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा पुण्याला. खातं गावातल्या जुन्या बँकेत, आधार जोडलेलं भलत्याच बँकेशी.

हे शेवटचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. आधारवरून पैसे पाठवताना खातं क्रमांक पाहिला जात नाही. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाकडे एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. शेवटी जी बँक जोडली, ती. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी लाखो महिलांनी घाईघाईत नवी खाती उघडली, कुणी टपाल खात्याच्या पेमेंट बँकेत, कुणी आणखी कुठे, आणि आधार तिथे जोडलं. त्यानंतर त्या आधारवर येणारं कोणतंही अनुदान त्याच नव्या खात्यात जाणार. जुनं पासबुक घेऊन बँकेत गेलेल्या महिलेला 'पैसे आले नाहीत' असं उत्तर मिळतं, आणि ते पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असू शकतात. तहसीलमध्ये तक्रार करण्याआधी हे पाहणं सोपं आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'ची स्थिती दिसते, गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातही बघून मिळते.

लाडकी बहीण आणि निराधार यांच्यात अडकलेल्या महिला

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून, महिला व बालविकास विभागाची. निराधार योजना सामाजिक न्यायची. दोन्हीकडे १,५०० रुपये. इतर सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त रक्कम मिळत असेल तर लाडकी बहीणचा लाभ नाही, असा नियम होता. तरी सुरुवातीच्या धावपळीत दोन विभागांच्या याद्या एकमेकींशी ताडल्या गेल्या नव्हत्या. त्या ताडल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी ५ लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यातल्या २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या.

पुढे पैशाचीही अदलाबदल झाली. मे २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकासकडे वळवण्यात आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी की या निधीतून अनुसूचित जाती-जमातीच्या महिलांनाच लाभ दिला जातो. विरोधकांचं म्हणणं, हा निधी वसतिगृहं, शिष्यवृत्ती यांसारख्या खास योजनांसाठी होता. वाद राजकीय असला तरी त्यातून एक गोष्ट कळते: विषय न हलवता फक्त पैसा हलवता येतो.

गावपातळीवर मात्र प्रश्न वेगळाच आहे. दोन्हींतली कोणती योजना ठेवायची? रक्कम सारखी म्हणून काही महिलांना फरक वाटत नाही. फरक आहे. लाडकी बहीणला वयाची कमाल मर्यादा ६५ आहे, त्यानंतर लाभ बंद. निराधार योजनेतली महिला ६५ वर्षांची झाली की ती श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेकडे वळते, म्हणजे पैसे चालू राहण्याची सोय आहे. दुसऱ्या बाजूला लाडकी बहीणची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची, निराधारची २१ हजारांची. ज्या विधवेचं वय साठीला टेकलं आहे आणि उत्पन्नाचा दाखला मिळतो, तिनं निराधारमधून नाव काढून घेणं हा घाट्याचा सौदा ठरू शकतो.

स्कॉटलंडनं हेच कसं केलं

ब्रिटनमध्ये दिव्यांगांचे भत्ते लंडनमधलं केंद्रीय खातं देत असे. २०१६ च्या कायद्यानं त्यातले बरेच अधिकार स्कॉटलंड सरकारकडे आले. १ सप्टेंबर २०१८ रोजी 'सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड' ही नवी संस्था सुरू झाली. प्रौढ दिव्यांगांचा नवा भत्ता २०२२ मध्ये आला. म्हणजे अधिकार मिळाल्यापासून हा भत्ता हातात पडेपर्यंत सहा वर्षं गेली. उशीर म्हणून त्यावर टीकाही झाली.

पण हस्तांतराचे नियम त्यांनी आधी जाहीर केले. जुन्या खात्याकडून भत्ता घेणाऱ्या माणसानं पुन्हा अर्ज करायचा नाही. बदलाच्या काळात एकही हप्ता चुकणार नाही. बदल सुरू होताना एक पत्र आणि पूर्ण झाल्यावर दुसरं पत्र घरी येईल. लाभार्थी टप्प्याटप्प्यानं नव्या संस्थेकडे नेले गेले, आणि तोपर्यंत जुनं खातं पैसे देत राहिलं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याशी स्कॉटलंडची तुलना करणं पूर्णपणे न्याय्य नाही. तिथली लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे नांदेड आणि लातूर जिल्हे मिळून होते त्याहून थोडी कमीच. हातात पैसाही भरपूर. पण जुनी व्यवस्था नव्यासोबत काही महिने चालू ठेवणं आणि लाभार्थ्याला पत्रानं कळवणं, याला श्रीमंती लागत नाही. आपल्याकडे बदल कळतो तो बहुधा पैसे न आल्यावर. किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमधून, ज्यात 'सर्व दिव्यांगांनी तातडीनं नवीन अर्ज करावा' असं लिहिलेलं असतं आणि खाली कुठला जीआर क्रमांक नसतो.

पैसे थांबले तर कुठे जायचं

विभागाचं नाव काहीही असो, निराधार, श्रावणबाळ आणि इंदिरा गांधी नावाच्या केंद्राच्या पेन्शन योजनांसाठी दार एकच: आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातली संजय गांधी योजना शाखा. तिथे नायब तहसीलदार दर्जाचा अधिकारी हे काम पाहतो. अर्जांना मंजुरी देणारी तालुका समिती असते, तिचा अशासकीय अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं येतो. समिती नेमलेली नसेल त्या काळात काम प्रशासनच पाहतं, म्हणून 'समिती नाही, अर्ज घेता येत नाही' हे उत्तर मान्य करण्याची गरज नाही.

जाताना आधार, पासबुक, मंजुरीचं जुनं पत्र असल्यास ते, आणि दिव्यांग असल्यास यूडीआयडी कार्ड सोबत हवं. हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला कधी दिला होता तेही विचारलं जातं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. हे पदही २०२४ मध्ये नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, गावात अजून तलाठीच म्हणतात.

खिडकीवर विचारायचा नेमका प्रश्न 'पैसे का आले नाहीत' हा नाही, कारण त्याचं उत्तर 'वरून आले नाहीत' असं मिळतं आणि विषय संपतो. डीबीटी पोर्टलवर नाव आहे का, आधार पडताळणी झालेली दिसते का, शेवटचा व्यवहार यशस्वी दाखवतो की नाकारलेला, आणि नाकारला असेल तर कारण काय लिहिलं आहे, असं एकेक विचारलं तर उत्तर स्क्रीनवर असतं. कारण बँकेकडचं असेल तर बँकेत, आधारचं असेल तर आधार केंद्रात. तहसीलनं काहीच दाद दिली नाही तर 'आपले सरकार' तक्रार पोर्टल आणि माहिती अधिकार हे दोन मार्ग उरतात. अर्ज कोणताही असो, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

मुदखेडकरांसाठी आणखी एक गोष्ट. जिल्ह्यात मुदखेड आहे आणि मुखेडही आहे. दोन्ही तालुके, दोन्ही नावं ऑनलाइन यादीत एकाखाली एक येतात, इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर एका अक्षराचा फरक. एक नांदेडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, दुसरा जिल्ह्याच्या पार दक्षिणेकडच्या भागात. सेवा केंद्रात अर्ज भरून घेताना तालुक्याचं नाव पुन्हा वाचून घ्यावं. चुकीच्या तालुक्यात गेलेला अर्ज नाकारला जात नाही, तो तिथेच प्रलंबित दिसत राहतो.

पासष्टाव्या वर्षी आणखी एक हस्तांतर

ज्यांनी सगळं सुरळीत केलं आहे, त्यांच्या वाट्यालाही एक बदल येतोच. ६५ पूर्ण झाल्यावर संजय गांधी योजनेतलं नाव श्रावणबाळ योजनेत जातं. विभाग तोच, तहसील तेच, पण यादी दुसरी. दिव्यांगांसाठीची २,५०० रुपयांची रक्कम श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही लागू आहे. मात्र नव्या यादीत ती व्यक्ती नुसती 'वृद्ध' म्हणून नोंदली गेली तर १,५०० च येतात. तेव्हा वर्ग होताना दिव्यांग अशी नोंद आणि यूडीआयडी क्रमांक पुढे गेला का, हे त्याच वेळी पाहायला हवं.

तारखेचाही घोळ असतो. गावाकडच्या बऱ्याच ज्येष्ठांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी अशी आहे, कारण नोंदणीच्या वेळी कागद नव्हता, अंदाजे वर्ष सांगितलं गेलं आणि यंत्रानं तारीख टाकली. पोर्टलसाठी तीच खरी. म्हणून अशा लोकांचा यादी बदलण्याचा महिना जानेवारी असतो, आणि त्या महिन्यात अनुदान आलं नाही तर मार्चची वाट न बघता फेब्रुवारीतच तहसील गाठावं.